गिऱ्हाईक

हायस्कूलच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरी दुकानदाराला शाळेचं वेळापत्रक मुख्याध्यापकांपेक्षा नीट पाठ असतं. दिवाळीची सुट्टी संपली की तो माळ्यावरचे तक्ते खाली काढतो. मुलगा काउंटरला टेकून "काका, प्रकल्पाचं..." एवढंच म्हणतो, पुढचं काकाच विचारतात, "कितवी? आठवी? मग जलप्रदूषण असेल. का बाईंनी ग्रामपंचायत दिलीय?" चित्रांचे कागद गठ्ठ्यानं रचलेले असतात : थोर नेते, वाहतुकीची साधने, महाराष्ट्रातील किल्ले. माहितीसुद्धा मागच्या बाजूला छापलेली. कापायचं, चिकटवायचं, माहिती सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि वर प्लास्टिकचं कव्हर घालायचं. तेवढीही सवड नसेल तर पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे आख्खी फाइल तयार मिळते. प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, ऋणनिर्देश, सगळं आत. फक्त नाव आणि हजेरी क्रमांक आपला घालायचा. ऋणनिर्देशात ज्या सरांचे 'मनःपूर्वक आभार' असतात ते एखाद्या वेळी भलत्याच गावच्या शाळेतले निघतात, पण तिथवर कुणी वाचत नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं प्लास्टिकच्या जोडीनं थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा गणपतीच्या मखरवाल्यांची ओरड सर्वांनी ऐकली. हायस्कुलांच्या आसपासची दुकानं मात्र गुपचूप सनबोर्डावर आली. त्याआधी 'प्लास्टिकमुक्त गाव' ही प्रतिकृतीदेखील थर्माकोलचीच असायची. नदी निळ्या पोस्टर कलरची, झाडं लाकडी भुशाची, आणि पुलावरून जाणारी मोटार दुकानातून आणलेली.

विज्ञान प्रदर्शनाला मी अजूनही आवडीनं जातो. तालुका, जिल्हा, राज्य अशी त्याची चढण आहे, आणि वर एनसीईआरटीचं राष्ट्रीय प्रदर्शन. आमच्या वेळी ज्वालामुखी अमोनियम डायक्रोमेटचा असे. नारिंगी स्फटिकांचा ढीग, वर पेटती काडी, की ठिणग्या उडवत हिरवी राख भसाभसा वर यायची आणि पहिल्या रांगेतली पोरं मागे सरायची. ते रसायन विषारी असतं, कर्करोगाला निमंत्रण देतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आताचा ज्वालामुखी खाण्याच्या सोड्याचा आणि व्हिनेगरचा असतो. निरुपद्रवी, आणि खरं सांगायचं तर जरा मिळमिळीत. शेजारच्या टेबलावर इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळ्या जोडून केलेला जेसीबी. एक दट्ट्या दाबला की पलीकडचा हात वर जातो. पास्कलचा नियम इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशानं दिसत नाही, म्हणून मला त्याचा कंटाळा येत नाही. दरवर्षी तो असतोच.

कंटाळा येतो तो भाषणाचा. "नमस्कार. माझ्या प्रकल्पाचे नाव आहे..." इथून सुरू झालेली मुलगी मधे काही विचारलं की थबकते, नजर वर छताकडे नेते, आणि पुन्हा "नमस्कार"पासून सुरू करते. तिची काही चूक नाही. समोर परीक्षक आहेत, त्यांच्या हातात तक्ता आहे, तक्त्यात सादरीकरणाचा रकाना आहे. त्या रकान्याला ती उत्तर देत असते. परीक्षकांनीही तो जेसीबी सकाळपासून दोन-तीनदा पाहिलेला असतो. तेही आकडा टाकतात आणि पुढे होतात. ट्रॉफी येते, हॉलमध्ये फोटो निघतो, मागे शाळेचं बॅनर. मग सगळ्या प्रतिकृती प्रयोगशाळेच्या कपाटावर जाऊन बसतात. उन्हाळ्यात प्रयोगशाळा परिचर धूळ झटकतो, मुख्याध्यापकांना विचारतो आणि भंगारवाल्याला हाक मारतो. पैसे देऊन ती वस्तू घेणारा पहिला माणूस तो. माझी तक्रार आहे ती नेमकी इथे.

हायस्कुलात मुलांच्या हातून वर्षभरात केवढं काम होतं! प्रकल्प, भित्तिपत्रकं, प्रभातफेऱ्या, वक्तृत्व, रांगोळ्या, पोवाडे, वृक्षदिंड्या. हे सगळं घेणारा एकच असतो, शिक्षक. आणि त्या बिचाऱ्याला ते घ्यावंच लागतं. नको म्हणायची सोय नाही. जो नको म्हणू शकत नाही तो गिऱ्हाईक कसला?

दहावीच्या निकालात ही गोष्ट एकदा आकड्यांतच दिसली. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत अंतर्गत मूल्यमापनाचे, शाळेनंच द्यायचे २० गुण असत. ते काढून टाकल्यावर २०१९ चा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. त्याच्या आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. गहजब झाला, अंतर्गत गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता हे खरं, पण एवढी उडी एकट्या भूगोलाची नसणार. मुलं वर्षात हुशार झाली, वर्षात ढ झाली, असं कुणी म्हणणार नाही. शाळेच्या हातचे गुण शाळा सढळपणे देते, एवढंच. मला त्यात शिक्षकांचा दोष वाटत नाही. ज्या पोराला आपण रोज पाहतो, ज्याच्या घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक असते, त्याला वीसपैकी नऊ द्यायला हात धजत नाही. पण मग त्या गुणांवरून काम कसं झालं होतं ते कुणाला कळणार?

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेनं यावर एक इलाज काढला. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेनं १९८१ मध्ये ती सुरू केली. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी, लेखी, प्रात्यक्षिक, मग मुलाखत आणि कृतिसंशोधन प्रकल्प. परीक्षक बाहेरचे, अनोळखी. इलाज चांगलाच होता. त्यावर आपण आपल्या पद्धतीनं उतारा काढला, 'भाभा'चे क्लास निघाले. नववीतल्या मुलाच्या कृतिसंशोधनाची प्रश्नावली भरायला अख्खी सोसायटी बसते आणि आलेख वडील ऑफिसात काढून आणतात.

गुणांविना गिऱ्हाईक मिळवलेलं कामही शाळेत पूर्वी झालंय. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, १९२४ ते १९३०. तिथल्या वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक सुरू केलं. दैनिक! शाळेत वार्षिक अंक काढताना संपादक मंडळाच्या तोंडाला फेस येतो, आणि हा माणूस शिकवणं सांभाळून रोज लिहीत होता. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिकही काढलं. मला त्या दैनिकाचं अप्रूप वाटतं ते साने गुरुजींच्या साधुत्वामुळे नाही. पोरं ते वाचत होती म्हणून. वसतिगृहातली पोरं सक्तीनं काही वाचत नसतात. आज अंकात काय आलं हे बघायला कुणी थांबत नसतं, तर दैनिक आठवड्यात बंद पडलं असतं.

बाकीच्या शाळांची हस्तलिखितं आठवून पाहा. मुखपृष्ठ चित्रकलेच्या सरांचं, जलरंगात, बहुतेक सूर्योदय. अक्षर चांगलं म्हणून निवडलेल्या चार मुली मधल्या सुट्टीत बसून दुसऱ्यांचे लेख उतरवून काढतात. शाईचा डाग पडला तर त्यावर फूल काढायचं ही युक्ती पिढ्यानपिढ्या चालत आलेली. संपादकीय सर लिहितात, सही विद्यार्थी संपादकाची. प्रकाशन पाहुण्यांच्या हस्ते. पाहुणे दोन पानं उलटतात, मान डोलावतात. आणि ती एकुलती एक प्रत त्या दिवशी संध्याकाळी ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात जाते. कपाटाला कुलूप. खराब होऊ नये म्हणून! एवढी देखणी वस्तू, आणि ती हातात घ्यायची मुभा झुरळाला तेवढी.

स्नेहसंमेलनाचं तसं नाही. गॅदरिंगला मी शाळेतला सगळ्यात प्रामाणिक कार्यक्रम मानतो, कारण तिथे मागच्या रांगा असतात. नाटकातल्या नायकाचं वाक्य घशात अडकलं की तिथून "आवाज!" अशी आरोळी येते. ड्रेपरीवाल्यानं शिवाजीच्या प्रवेशासाठी मोगली अंगरखा पाठवला असेल तर ते मराठीच्या बाईंच्या आधी मागच्या रांगेला कळतं. आणि नाच जमला तर "वन्स मोअर"ही तिथूनच. फिशपॉन्ड तर उघड उघड निकालपत्रच होतं. चिठ्ठीवर नाव नसे, मारा अचूक असे. आता ते बऱ्याच शाळांत बंद झालं. त्यात क्रूरपणाही होता, तेव्हा गेलं ते बरंच झालं असं मी लेखी म्हणेन. पण आठवीत ज्याच्यावर हॉल हसला त्याला नववीत पाठांतर पक्कं करून उभं राहिलेलं मी पाहिलंय.

मुलांनी केलेल्या कामाला बाजार असावा हा विचार आपल्याकडे गांधींनी मांडून ठेवलाय, आणि तोही अशा टोकाला की शिक्षणाच्या जाणकारांना घाम फुटला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नई तालीम आकाराला आली. हस्तोद्योगातून शिकायचं, आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा खर्च भागवायचा. अशानं शिक्षक पोरांना गुलामांसारखे राबवून घेतील, ही शंका त्या परिषदेतच बोलून दाखवली गेली. शंका रास्त होती. गरिबाच्या पोराचं काम स्वस्तात मिळतं हे कळायला आपल्याला कधी शिकवणी लागलेली नाही.

प्रत्यक्षात झालं भलतंच. राबवणूक राहिली बाजूला, टकळी आली. कार्यानुभवाच्या तासाला वर्गभर टकळ्या फिरायच्या, पेळू तुटायचे, कापूस नाकात जायचा, आणि निघालेल्या सुताचा गुंता एका खोक्यात टाकला जायचा. त्याचं पुढे काय झालं? कुणी विणलं? कुणी नेसलं? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बाजाराची भीती वाटली म्हणून आपण उद्योग ठेवला आणि बाजार तेवढा काढून घेतला. नंतरच्या कार्यानुभवात आईस्क्रीमच्या काड्यांची घरं आली, लोकरीची तोरणं आली. ती आपापल्या घरी दारावर लागली, एवढीच काय ती त्यांची विक्री.

पाबळची गोष्ट वेगळी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये ते पत्नी मीराबाईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या कोरडवाहू टापूतल्या गावी गेले आणि तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. गावातल्या हायस्कूलसाठी त्यांनी एक विषय बेतला, 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख'. पुढे बोर्डानं त्याला मान्यता दिली. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातानं काम करायचं. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चार अंगं. शिकवायला पदवीधर शिक्षकच हवेत असं नाही. गावातला गवंडी, वेल्डिंगवाला, वायरमन निदेशक म्हणून येतो. ही झाली योजनेची रूपरेषा, आणि रूपरेषा कुणालाही काढता येतात. कलबागांनी त्यात एक कळीची अट घातली. मुलांनी शिकायचं ते गावाला लागणारी खरी कामं करून, आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे.

म्हणजे काय होतं ते फेरोसिमेंटच्या टाकीवरून सांगतो. गजांचा सांगाडा उभा करायचा, त्याला कोंबडीजाळी तारेनं आवळून बांधायची, वरून-आतून सिमेंटचा गिलावा दाबून भरायचा. भिंत इंचभर जाडीची. मुलांना हे आवडतं, कारण एका दिवसात काहीतरी उभं राहिलेलं दिसतं. खरी परीक्षा त्यानंतर असते. टाकी ओली ठेवायची, पोती गुंडाळून त्यावर दिवसातून अनेकदा पाणी मारायचं, आठवडा, दोन आठवडे. त्यात ना कौशल्य, ना गंमत. रविवारी कुणाची पाळी होती आणि कोण क्रिकेटला गेलं हे वहीत सापडणार नाही, पण टाकीत पाणी भरलं की सापडतं. बारीक तडा जातो, भिंत पाझरते, आणि ज्यानं पैसे मोजलेत तो शेतकरी शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. त्याला सादरीकरणाचा रकाना माहीत नसतो.

म्हणूनच पैसे घ्यायचे. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल कुणी भांडत नाही. गळकी टाकीही माणूस "पोरांनी केलीय हो" म्हणत कौतुकानं दारात ठेवून घेतो आणि त्यात कोंबड्या कोंडतो. पैसे मोजले की तोंड उघडतं. मुलांना मातीपरीक्षण शिकवलं, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकवलं, घरातलं वायरिंग शिकवलं, तिथेही हेच. शेजारच्या काकूंच्या घरचा पंखा आपण जोडला आणि तो चालला, हे प्रगतिपुस्तकात येत नाही, पण गल्लीला कळतं. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरून बोलावणं येतं. कलबाग २००३ मध्ये गेले. त्याच्या थोडं आधी अमेरिकेतल्या एमआयटीनं देशाबाहेरच्या आपल्या अगदी सुरुवातीच्या 'फॅब लॅब' नावाच्या कार्यशाळांपैकी एक थाटली ती या पाबळमध्ये. हल्ली शहरी शाळांत अटल टिंकरिंग लॅबच्या खोल्या दिसतात. थ्री-डी प्रिंटर, सेन्सर, रंगीत खुर्च्या, भिंतीवर रॉकेट. उपकरणं छान आहेत. मी अशा खोलीत गेलो की एकच विचारतो, बाहेरचं कुणी इथे काही दुरुस्त करायला घेऊन येतं का? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचंच नवल वाटतं.

प्रत्येक गावाला पाबळ व्हायला जमणार नाही. पण स्काऊट-गाईडवाल्यांची 'खरी कमाई' बहुतेक हायस्कुलांत असते, आणि ती पाहायला मी वाकडी वाट करून जातो. पटांगणात बाकं मांडलेली, त्यावर जुनी बेडशीटं, पुठ्ठ्यावर 'चटकदार भेळ १० रु.'. आठवीतल्या तीन मुलींचा एक गाडा होता. एक मिसळणारी, एक पैसे घेणारी, तिसरी नुसती ओरडणारी. पाचवीतला एक पोरगा अर्धी भेळ खाऊन परत आला. "ताई, लई तिखट आहे, शेव टाक." मिसळणारी म्हणाली, "खाल्लीस ना अर्धी?" पैसे घेणारीनं तिला कोपर मारलं आणि मूठभर शेव टाकली. पोरगा गेला आणि आणखी दोघांना घेऊन आला. तेवढ्यात शेजारच्या मुलांनी त्यांच्या भेळेचा भाव आठवर आणला. इकडे कुजबुज झाली, पुठ्ठा उलटा केला गेला, त्यावर लिहिलं 'दोन प्लेट १५ रु., लिंबू फ्री'. लिंबं दोनच होती.

हिशेबाला बसल्या तेव्हा खरी जुंपली. चुरमुरे, फरसाण, चिंच, गूळ, कागदी डिश, सगळं लिहून झालं. कांदे एकीच्या घरून आले होते.

"कांदे आईनं दिलेत, ते नाही धरायचे."

"का नाही? आईनं काय चोरून आणले?"

"मग आईला पैसे द्यायचे?"

"द्यायचे नाहीत. पण धरायचे."

गणिताचे सर शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी तोंड उघडलं नाही, याबद्दल त्यांचा सत्कार व्हायला हवा. शेवटी कांदे बाजारभावानं धरले गेले, नफा चाळीस रुपयांनी कमी झाला आणि स्वतः खाल्लेल्या तीन प्लेटींचा प्रश्न निघाला. त्याचं काय झालं ते मला कळलं नाही, घंटा झाली.

आता माझंच म्हणणं मला सगळीकडे लावता येत नाही. शाळेच्या हॉलमध्ये सागवानी फलक असतात, पेंटरनं सोनेरी अक्षरांत रंगवलेले, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांच्या नावांचे. चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले आणि ती शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. सोळा वर्षांच्या मुलाच्या संस्कृतला तेव्हा कोणतं गिऱ्हाईक होतं? ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले, पण नोटांवर सही करताना किंवा अर्थसंकल्प मांडताना विभक्ती लागत नाहीत. पुढे त्यांनी मेघदूत मराठीत आणलं, गांधींची वचनं संस्कृत श्लोकांत बांधली, तेव्हा कुठे त्या विद्येला वाचक मिळाला. काही शिकणं असं असतं की त्याची मागणी तीस-चाळीस वर्षांनी नोंदवली जाते, किंवा जातच नाही. भूमितीतला एखादा रायडर रात्रभर डोकं खाजवून सुटल्यावर मुलगा उड्या मारतो, त्या आनंदाला कुणी घेणारा नको असतो. तो त्याच्यापुरता पुरेसा असतो. त्याच्या वाटेला मी जाणार नाही. माझं भांडण तिसऱ्याच मालाशी आहे. जो स्वतःच्या आनंदासाठी केलेला नाही आणि दुसऱ्याच्या गरजेसाठीही नाही, तो वीस गुणांचा माल.

गेल्या खेपेच्या तालुका प्रदर्शनात नववीतल्या एका मुलीचं 'अन्नभेसळ ओळखा' होतं. विषय नेहमीचा. तिखटात विटकरीची पूड, दुधात पिष्ट, चहात रंग. ती "नमस्कार" म्हणून सुरू होणार एवढ्यात शाळेबाहेरचा चहावाला रिकाम्या किटल्या न्यायला हॉलमध्ये आला आणि टेबलापाशी थांबला. त्यानं दुधाची परीक्षानळी पाहिली. "हे खरं कळतं का?" ती म्हणाली, कळतं. "थांब मग." तो गेला आणि स्टीलच्या तांब्यात दूध घेऊन आला. "गेला महिना चहा नीट होत नाहीये. दूधवाला म्हणतो म्हशीचंच आहे." मुलीनं भाषण सोडून दिलं. नळीत दूध घेतलं, आयोडीनचे थेंब टाकले. निळं झालं नाही. तिनं नळी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. "काका, यात पिष्ट नाहीये." चहावाल्याचं समाधान झालं नाही. "आणि पाणी?" पाण्याची तपासणी तिच्या तक्त्यात नव्हती. तिनं जोडीदारणीकडे पाहिलं, जोडीदारणीनं सातवीतलं काहीतरी आठवून लॅक्टोमीटरचं नाव काढलं. तो यजमान शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात होता, काचेतून दिसतही होता. तिघंही कपाटापाशी जाऊन उभी राहिली. किल्ली सरांच्या खिशात होती आणि सर परीक्षकांना नाश्ता द्यायला गेले होते. मुलगी तांब्या हातात घेऊन त्यांना शोधायला निघाली आणि चहावाला तिच्यामागे, किटल्या तिथेच टाकून.